लाल दोऱ्याची बंडलं

चौक, उत्तन
रविवार, १२ जानेवारी २०२५

जय,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवलंस तरी माझी तक्रार नाही. एकोणीस वर्षांत मी तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, तूही नाहीस. वेंगुर्ल्याचा पत्ता तुझ्या मेव्हण्याकडून मिळाला. तो म्हणाला, फोन करू नका, भाऊजी उचलत नाहीत. म्हणून कागद.

काम धंद्याचंच आहे. केसांचा भाव कडाडलाय.

परवा जोआन, माझी नात, विचारत होती, "आजोबा, तुम्ही खरंच डुकराचे केस विकायचात?" मी म्हटलं, विकायचो नाही, विकत घ्यायचो, आणि त्यांचे ब्रश करायचो, आणि त्या ब्रशांनी रंगवलेली दारं या गावात अजून उभी आहेत. ती हसत सुटली. तिला कसं सांगू, की डुकराच्या केसाचं टोक निसर्गानंच चिरलेलं असतं, त्या चिरेत रंग थांबतो, आणि नायलॉनला ते कितीही घासलं तरी जमत नाही. जितेश एजंटला फोन केला होता. तोच तो, पूर्वी तुझ्याकडून चहा उकळायचा. म्हणतो, "अंकल, भूल जाओ. चायना का माल पोर्ट पे अटका है, कानपूरवाला अ‍ॅडव्हान्स के बिना बात नहीं करता. अडीच इंची तीन हजार रुपये किलो. तीन इंची पूछो ही मत." आपल्या वेळी पाव इंच वाढला की भाव शंभरानं चढायचा, आठवतं? आता पाव इंचाला दोनशे.

तर मुद्दा असा. आपला भाईंदर पूर्वेचा गाळा मी गेल्या दिवाळीपासून नेत्राला भाड्यानं दिलाय. नेत्रा म्हणजे हौसाबाईची मुलगी. तेहेतीस वर्षांची झाली. काशीगावच्या चार बायका घेऊन नायलॉनचे ब्रश करते. आपली शालूही तिच्याकडेच आहे, चष्मा लागलाय, जीभ तशीच. आता नेत्राला वार्निशच्या ब्रशांची ऑर्डर आलीय, दोन हजार नग, शुद्ध केसांचे, लांबी तीन इंच. ऑर्डर जमली तर कंपनी वर्षाचं काम देणार. आणि केस कुठेच नाहीत.

गाळ्याच्या माळ्यावर आपला पत्र्याचा डबा आहे. अकरा किलो, तीन इंची. कुलूप माझं. नेत्रानं डबा पाहिला आणि मला म्हणाली, "मास्तरकाका, हे आईच्या वेळचं ना? शालूमावशी सांगते, शेवटचा लॉट तसाच राहिला."

मी म्हटलं, भाव विचारून सांगतो.

तू सांग, काय भाव सांगू?

तिचे हात पाहिलेस तर दचकशील. हौसाचेच. हौसा एक केस दोन बोटांत धरून नुसता चोळायची. केसाच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे खवले असतात, त्यामुळे चोळला की तो आपोआप मुळाकडे सरकतो. कुठल्या बाजूला सरकला त्यावरून तिला मूळ कळायचं, टोक कळायचं. एक केस उलटा लागला तर ब्रश रंगात रेघ सोडतो. ती डोळे मिटून दिवसाला दीड किलो निवडायची आणि म्हणायची, "मास्तर, ती नावेची सांगा की." मी पाचवीच्या पुस्तकातली नावेची कविता म्हणायचो, फ्लोरिन टीचरनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली. मी कधी मास्तर नव्हतो, पण त्या कवितांपायी सगळा गाळा मला मास्तर म्हणायचा. तेव्हा मीही दोन ओळी केल्या होत्या:

दोन बोटांत धरला केस, मुळाकडेच सरला;
परक्या दारी रंगून जन्म, माहेरातच उरला.

तू म्हणाला होतास, डुकराला कसलं माहेर.

भाव कळव.

अल्फान्सो

◆

चौक
रविवार, २६ जानेवारी

जय,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दारावरून गेला की मी उठतो, आणि एल्सा म्हणते, "बस गो बाय, तुला कोन प्रेमपत्र लिवतंय?" बायकोनं नवऱ्याला बाय म्हणायचं, ही आमच्या घरची तऱ्हा तुला ठाऊक आहे.

नेत्राला मी साडेतीन हजार भाव सांगितला.

जितेशच्या भावाहून चढा सांगितला की ती परत जाईल, असा हिशोब होता. ती गेली नाही. तिनं मोबाईलवर आकडेमोड केली, ओठ चावला आणि म्हणाली, "तीन इंची आहे, परवडेल. कधी उतरवू?" मी म्हटलं, थांब, पुन्हा चौकशी करतो. चार दिवसांनी साडेचार सांगितला. शालू आतून ओरडली, "मास्तर, केस डुकराचे हायेत का सिंहाचे?" बायका हसल्या. नेत्रा हसली नाही. ती हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला मला द्यायचं नसेल तर तसं सांगा. भाव कशाला वाढवताय?"

मी म्हटलं, मार्केट आहे बाळ.

मार्केट! हा शब्द माझ्या तोंडून किती सहज आला. माणूस आयुष्यभर भाव करत राहिला की त्याला वाटतं, कुठलीही गोष्ट किंमत वाढवून दूर ठेवता येते.

एल्सा म्हणते मी म्हातारपणी कंजूष झालो. "मेलेल्या बाईची पोर हाय ती. तिच्या आयनं तुझ्या गाल्यात हाडं झिजवली. फुकट दे तो डबा. कनाला छातीवर घेऊन बसलायस?" मी उठून बाहेर जातो. अंगणात बोंबील वाळत घातलेत, त्यांच्यावरच्या माश्या हाकत बसतो.

एक गोष्ट सांगू? तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. शुक्रवारी गाळ्यात वीज नसते, मशिनं बंद. भर दुपारी मी भाडं घ्यायला गेलो होतो. बायका बाहेर सावलीला जेवत होत्या. आत मी एकटा. आणि माळ्यावरून ठोकण्याचा आवाज आला. बंडल पाटावर उभं धरून केसांची मुळं सारखी करायला ठोकतात ना, तसा. टक, टक. थांबून, टक. हौसा दोनदा ठोकून थांबायची, बोट फिरवायची, मग तिसऱ्यांदा. बाकीच्या बायका सलग चार ठोकायच्या.

उंदीर असेल म्हणशील. मीही तेच म्हटलं, मोठ्यानं. आणि माझा आवाज ऐकून ते थांबलं.

मी नावेची कविता म्हणायला लागलो, भीती घालवायला. दुसऱ्या कडव्यावर अडलो. अडलो ते अजून अडलेलोच आहे. साठ वर्षं पाठ असलेली कविता, जय.

अल्फान्सो

◆

चौक
रविवार, ९ फेब्रुवारी

जय,

हे पत्र तरी वाच. विषय आता भावाचा राहिला नाही.

काल नेत्रा इथे चौकला घरी आली. बसनं, सोबत मिठाई. मी सहा हजार सांगितला होता. सहा! कानपूरचा माणूसही लाजला असता. ती म्हणाली, "काका, मी बायकांशी बोलले. आम्ही या ऑर्डरीत काही कमवणार नाही, पण कंपनी धरून ठेवू. सहा तर सहा." आणि पाकीट पुढे केलं. एल्सानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये कोणाचा खिसा कापलाय.

मी पाकीट घेतलं नाही. म्हटलं, माल जुना आहे, किडला असेल.

"नाही किडला," नेत्रा म्हणाली. "मी झाकणाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं. सगळ्या बंडलांना लाल दोरा आहे. आई म्हणायची, लाल दोरा असला की डोळे मिटून हात घालायचा. दोरा म्हणजे जयकाकांनी उकळलेला माल."

बघ, इतक्या वर्षांनी ती आपला नियम मला सांगत होती. कच्चा माल आला की तो आधी भांड्यात दोन तास उकळायचा, घाण आणि रोग मरतात, केस सरळ होतो. उकळलेल्या बंडलाला लाल दोरा. दोरा नाही तर निवडायच्या टेबलावर जायचं नाही. नियम तुझा होता. बायकांना तुझी शपथ होती त्यावर.

"सोमवारपर्यंत चावी द्या," असं म्हणून नेत्रा गेली. जाताना तिनं माझ्या पायाला हात लावला. आमच्यात ती रीत नाही, तिला माहीत आहे, तरी लावला.

म्हणून आता सरळ लिहितो. तो डबा उघडता कामा नये, हे तुला आणि मला दोघांनाच माहीत आहे. दोन हजार सहा. असाच भाव चढला होता. कानपूरचा माल चाळीस टक्के महाग झाला आणि आपण कोणा अनोळखी माणसाकडून कच्चा माल उचलला, निम्म्या भावात, ओलसर, मुळांना कातडीचे तुकडे चिकटलेले. वास आठवतोय? उकळणं कमी पडलं. दोन-तीन दिवसांनी हौसाच्या मानेवर पुळी आली, मधे कोळशासारखी काळी. मी म्हटलं दाखव डॉक्टरला. ती म्हणाली, "दुखत न्हाय, मास्तर. दुखलं असतं तर गेले असते." चौथ्या दिवशी मान सुजून खांद्याला मिळाली. सहाव्या दिवशी गेली. डॉक्टर आपल्याला बाजूला घेऊन म्हणाले, काळपुळी वाटते, जनावरांच्या केसांतून येते, तुम्ही कसलं काम करता? तपासणीचा कागद यायच्या आधीच तिला नेली आणि दहन झालं. दाखल्यावर ताप लिहिला. चौदा वर्षांच्या नेत्राला आपण तापच सांगितला.

या रोगाचं बी मरत नाही म्हणे. मातीत, केसात वर्षानुवर्षं झोपून राहतं. म्हणून मी डबा कुलपात ठेवला. जाळला असता तर धूर कुठे गेला असता? पुरला असता तर कोणाची गाय तिथं चरली असती? मी काही ठरवू शकलो नाही, आणि न ठरवण्यात आयुष्य गेलं.

नेत्राला कारण न सांगता डबा कसा अडवू? आणि कारण सांगितलं, तर ती विचारणार, कोणी उकळलं होतं?

अल्फान्सो

◆

चौक
गुरुवार, २० फेब्रुवारी

जय,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता त्याच पाठ झाल्यात.

"डबा उघडू देऊ नकोस. कुलूप बदल. मी एक तारखेला येतो. तिच्या आईचं मरण माझ्या हातचं आहे, ते मीच तिला सांगणार. कविता पुरे."

येऊ नकोस.

मी काहीतरी करतो. चावी हरवली म्हणून सांगितलंय, एक आठवडा निघाला. पुढे सांगेन की मालाला उंदीर लागले. एखाद्या शुक्रवारी कोणी नसताना डबा खाली उतरवीन. माझे गुडघे काम देत नाहीत, पण करीन. तू एवढ्या लांबून या वयात कशाला? तुझ्या मेव्हण्यानं सांगितलं, तुला आता नीट चालवत नाही, आणि तू स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाहीस, चहाचं पाणीसुद्धा गॅसवर ठेवत नाहीस. पाण्याला उकळी आली की उठून बाहेर जातोस. हे त्यानं सहज सांगितलं, म्हातारपणीचं खूळ म्हणून. मी फोन ठेवला आणि समुद्रावर जाऊन बसलो.

फादरांकडे गेलो होतो. ते सगळं ऐकून म्हणाले, "अल्फान्सो, हे तू मला दर वर्षी सांगतोस. ज्याला सांगायला हवं त्याला कधी सांगणार?"

येऊ नकोस, जय. किंवा आलास तर आधी माझ्याकडे ये. तिच्याकडे जाण्याआधी. मला तुझ्याशी बोलायचं आहे.

अल्फान्सो

◆

चौक
बुधवार, ५ मार्च

जय,

तू आधी माझ्याकडे आला नाहीस. बसमधून उतरून सरळ गाळ्यात गेलास. मी पोहोचलो तेव्हा तू स्टुलावर बसला होतास, काठी पायांत, टोपी हातात, आणि नेत्रा तुझ्यासमोर उभी होती. केवढा वाळलायस रे. मी दारातच थांबलो. तू मला पाहिलंस आणि बोलणं थांबवलं नाहीस.

"पोरी, उकळायचं काम माझं होतं. दोन तास पाहिजे होते, माझ्या हातून कमी झालं असणार. मला कळलं नाही. दोरा मी बांधला. तुझ्या आयनं माझ्या दोऱ्यावर भरवसा ठेवला."

शालू तोंडाला पदर लावून बसली होती. मशिनं बंद. नेत्रा एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, ती तुला मारणार. मग ती तुझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "जयकाका, तुम्ही मुद्दाम केलंत का?"

तू नकारार्थी मान हलवलीस.

"मग एकोणीस वर्षं पुरे झाली. आई असती तर म्हणाली असती, ऊठ रे मेल्या, चहा पी."

तू रडलास. तुला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, हौसाच्या वेळीही नाही.

आणि मग ती माझ्याकडे वळली. हे तू पाहिलंस, पण तुला ते कळलं नाही. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही भाव वाढवत होता, काका? माझा जीव वाचवायला? आणि मी तुम्हाला कंजूष समजत होते." तिनं माझा हात धरला. माफी मागितली. माझी!

मी तिला थांबवलं नाही. तिचा हात माझ्या हातात होता, गरम, हौसासारखी खरखरीत बोटं, आणि मी म्हटलं, "जाऊ दे बाळ."

सोमवारी नेत्रानं पालिकेच्या दवाखान्यात जाऊन चौकशी केली. काल दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी आली, हातमोजे आणि मास्क घातलेली दोन माणसं, त्यांनी डबा तसाच पिवळ्या पिशव्यांत गुंडाळून नेला. विशेष भट्टीत जाळतात म्हणे. तर तेही मिटलं. कोणाला काही धोका उरला नाही. तुला माफी मिळाली. मला शाबासकी मिळाली. मी गप्प राहिलो असतो तर ही गोष्ट इथं संपली असती, आणि सगळ्यांना ती बरी वाटली असती.

पण तू निघताना नेत्रा काय म्हणाली, आणि तू काय म्हणालास, ते मी ऐकलं. ती म्हणाली, "काका, कच्चा माल अजून बाराशेला मिळतो. तयार माल तीन-साडेतीन हजार. मधली सगळी किंमत धुण्या-उकळण्याची आहे, आणि ते येणारं माणूस आता मिळत नाही. तुम्ही शिकवाल आम्हाला? ही ऑर्डर वाचेल." तू तुझे दोन्ही तळवे पालथे करून पाहिलेस. म्हणालास, "हे हात नकोत पोरी. या हातांवर भरवसा ठेवू नकोस." आणि रिक्षात बसलास.

ते हात, जय. आता ऐक. यात कविता नाही.

तीस बंडलं होती, अर्ध्या अर्ध्या किलोची. भांड्यात एका वेळी पाच मावायची. तू सकाळी पहिली पाच टाकलीस, काढलीस, दोरे बांधलेस. मग सिलिंडर संपला. तू नवा आणायला गेलास आणि जाताना मला म्हणालास, "बाकीच्यांना हात लावू नको." पंचवीस बंडलं कच्ची होती. रंगाच्या कंपनीला शनिवारी ब्रश द्यायचे होते. त्या आठवड्यात सिलिंडर कुठेच मिळत नव्हता, आणि उकळला की मालाचं वजन चौथ्या हिश्शानं उतरतं. निम्म्या भावात घेतलेला माल, त्यातही चौथा हिस्सा जायचा. मी दोऱ्याची रीळ घेतली आणि पंचवीस बंडलांना लाल दोरा बांधला. दहा मिनिटांचं काम. बांधताना मी काहीतरी म्हणत होतो, नावेचीच असेल.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हातांनी आलास. मी म्हटलं, शेजारच्या गाळ्यातून सिलिंडर घेऊन रात्रभर सगळं उकळलं. तू मला शाब्बास म्हणालास.

तुझी पाच बंडलं मी शालूला दिली होती. तिला काही झालं नाही, ती अजून मला टोमणे मारतेय. हौसाला मी माझ्या हातानं तीन दिली, त्या पंचवीसांतली. उरलेली बावीस डब्यात गेली.

दवाखान्याच्या जिन्यावर तू मला विचारलंस, "हौसाच्या टेबलावर कोणाची होती?" मला विचार करायला एक श्वासही लागला नाही. मी म्हटलं, "तुझीच, पहिली पाच." आणि तू पोलिसांत जाऊन सांगू म्हणालास, तेव्हा मीच तुला म्हटलं, तुरुंगात जाशील, बायकोमुलांचं बघ, गप्प राहा, निघून जा. मी तुझी काळजी करतोय असं तुला वाटलं. जाताना तू मला मिठी मारलीस.

तू उकळलेल्या मालात काही कमी नव्हतं. सव्वादोन तास. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण मला घाई होती.

आज राखेचा बुधवार. सकाळी फादरांनी कपाळावर राख लावली, माती आहेस आणि मातीत जाशील, ते शब्द म्हटले, आणि मी चर्चमधून घरी न येता तसाच बस धरून गाळ्यात गेलो. हे पत्र खिशात होतं, इथवर लिहिलेलं. नेत्राला म्हटलं, वाच. तिनं उभ्यानं वाचलं. शालूनं विचारलं, "काय गं, काय लिवलंय?" नेत्रानं हात वर करून तिला थांबवलं. शेवटच्या पानावरून ती परत पहिल्यावर गेली, पुन्हा वाचलं. मग कागद घडीवर घडी घालून माझ्या हातात दिला, माझ्या बोटांना तिची बोटं लागणार नाहीत असा.

"जयकाकांनी हे वाचलंय?"

मी म्हटलं, नाही.

"मला आधी का आणून दिलं?"

मी कागद खिशात सारला. खरं उत्तर हे, की ती शिव्या देईल, आणि तेवढ्यानं भागेल, तुला पाठवायची गरज राहणार नाही, अशी कुठेतरी आशा होती. अजूनही! तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"पोस्टात टाका," ती म्हणाली. "आजच. मी शालूमावशीला तुमच्याबरोबर पाठवते, पेटीपर्यंत. आणि खाली माझं लिहा. माझं नाव घालून लिहा. कच्चा माल सोमवारी येतोय, चाळीस किलो, बाराशेच्या भावानं घेतलाय मी. उकळायला माणूस नाही. भांडं घेतलंय, दोन सिलिंडर भरून ठेवलेत. जयकाकांनी यावं. राहायची सोय माझ्या घरी."

मी विचारलं, "आणि मी?"

पूर्वी ती मला काका म्हणायची. या वेळी काहीच म्हणाली नाही. "भाडं मी दर महिन्याला एल्साकाकूंच्या हातात देईन. या फाटकाच्या आत तुम्ही येऊ नका. आईच्या तापाचं खरं मी काकूंना सांगणार आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं. पोलिसांचं काय करायचं ते माझं मी बघेन, तुम्ही त्यात सल्ला देऊ नका."

शालू आत्ता पेटीजवळ उभी आहे. मी या शेवटच्या ओळी पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहितोय. ती एक शब्द बोलत नाहीये. शालू, जय, आणि गप्प. रस्त्यावर एवढी वाहनं आहेत, आणि मला फक्त तिचा श्वास ऐकू येतोय.

सोमवारी ये. नेत्रा स्टेशनवर न्यायला येईल, तिचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय.

मी तिथं नसेन.

अल्फान्सो